पोतंभर चपला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं साधं काम केलं ते मटार सोलायचं. दारासमोर खाट टाकली होती, थंडीतलं ऊन अंगावर आलं होतं आणि मधे परात. तिच्या दहा शेंगा व्हायच्या तोवर माझ्या चार, आणि त्या चारातल्या दोन माझ्या तोंडात.

"आवं, दाणं परातीत टाकायचं असत्यात. तुमचं तोंड म्हंजे परात न्हवं."

"दोन्ही गोलच हायत," मी म्हणालो.

यावर ती एवढी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. या बाईला हसायला काही लागत नसे. अठ्ठेचाळीस वर्षं मी रोज काहीतरी भिकार बोललो आणि ती रोज हसली. त्यामुळे मला आयुष्यभर वाटत राहिलं की मी फार विनोदी माणूस आहे.

त्याच दिवशी आम्ही अजून पुष्कळ काही केलं, पण ते साधं नव्हतं. रात्रीचं जेवण व्हायच्या आत ती गेली. पोलिसांनी कागद केला : बाई घरात पाय घसरून पडली, डोक्याला मार लागला, मेली. खाली माझी सही पाहिजे. सही केली की बाई लगेच ताब्यात. नाही केली तर चिरफाड, चौकशी, आणि ती तिथं थंड खोलीत पडून. एवढाच प्रश्न होता. बाकी जे सांगणार आहे ते सगळं हसण्याचंच आहे. मी चौथी शिकलोय. वेलांट्या बघत बसू नका.

आमचा धंदा गलाईचा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तिकडच्या गावांतनं निम्मी माणसं देशभर सोनं-चांदी वितळवायला पांगली आहेत. मी मामाबरोबर लखनौला आलो तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. सराफ दागिना आणून देणार, आम्ही मुशीत वितळवणार, त्यातली खोट काढणार आणि शुद्ध सोनं परत देणार. माणूस सोनं देऊन निघून जातो, समोर बसत नाही. म्हणून या धंद्यात एकच गोष्ट चालते, विश्वास.

आणि या धंद्यात केर फेकत नाहीत. फरशी झाडली की त्यात सोन्याचे कण असतात. ते झाडायचं काम चाळीस वर्षं तिचं. मऊ कुंचा घ्यायची, उकिडवी बसून कोपरान्‌कोपरा झाडायची, केर डब्यात भरायची. कधी कुणाच्या नथीतला मोती सापडायचा, कधी साखळीचा फासा. त्याच दिवशी पदरात बांधून ज्याचा त्याला देऊन यायची. तिचं एक ठरलेलं होतं, खाली पडलेलं कुणाचंतरी असतं. धंदा मी कधीच भाच्याकडं दिला, पण तिची खोड गेली नाही. रस्त्यात बटण सापडलं तरी ती आधी दहा माणसांच्या सदऱ्यांकडं बघायची.

तर मटार सोलून झाले आणि आम्ही आलमबागच्या बस स्टँडवर निघालो. कानपूरचा एक गाववाला बसमधून ज्वारीचं पीठ आणि काळा मसाला पाठवणार होता. गावाकडनं आलेली पिशवी वाटेत फाटते, हा आमचा जुना अनुभव, म्हणून ती कायम एक रिकामं पोतं घडी करून काखेत घ्यायची. बस आली, पीठ आलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, हमें किसी ने कुछ नहीं दिया." ती गाववाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ई-रिक्षात बसली. काखेत पोतं तसंच.

वाटेत एका चौकात रिक्षा थांबली. पुढं पोरं रस्त्यावर बसली होती. भरतीची परीक्षा पुन्हा घ्या म्हणत होती. रिक्षावाला म्हणाला, "चच्चा, अब यहीं उतर लीजिए." उतरलो. दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले आणि कडेला उभे राहिलो. आमच्यासारखे बघे पुष्कळ होते. एक जण स्कूटरवर फ्लॉवरचे पाच गड्डे घेऊन, एक जण लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन, आणि एक जण तर न्हाव्याच्या खुर्चीवरून गळ्यात टॉवेल, अर्ध्या तोंडाला साबण असा उठून बघायला आला होता.

ती म्हणाली, "पोरं गुणाची दिसत्यात. घोषणा पण एका सुरात देत्यात."

तेवढ्यात पोलिसांनी शिट्टी मारली आणि लाठ्या सुरू झाल्या.

आता एक गंमत सांगतो. आंदोलनातली पोरं पळाली. ती तरणी होती आणि त्यांचं पोलिसांकडं आधीपासून लक्ष होतं. सापडलो आम्ही, बघणारे. आमचं लक्ष शेंगदाण्यांत होतं. फ्लॉवरवाल्याच्या पाठीत बसली, तो फ्लॉवर सोडायला तयार नाही. पत्रिकावाला ओरडत होता, "साहब, मेरी बहन की शादी है!" आणि पोलीस त्याला मारता मारता विचारत होता, "कब है?" आईशपथ. मी माझ्या कानानं ऐकलं.

मी तिला ओढून बंद दुकानाच्या पायरीवर घेतलं. पाच मिनिटांत चौक मोकळा. माणूस नाही. नुसत्या चपला. पांढऱ्या, काळ्या, लाल पट्ट्याच्या, मुलींच्या टिकल्या लावलेल्या, एक उलटी, एक सुलटी, एक नाल्याच्या कडेला नाक घालून. रस्ताभर. जशी काही माणसं चपला काढून देवळात गेली.

मी म्हणालो, "चल."

ती हलली नाही. तिचा डोळा मी ओळखतो. फरशी झाडायला बसायची तेव्हाचा डोळा.

"अगं चल की!"

"आवं, एवढी माणसं अनवाणी गेली. थंडीचं दिस हायत."

आणि ही सत्तरीची बाई पायरीवरून उतरली, काखेतलं पोतं झटकलं आणि चपला गोळा करायला लागली. पदर खोचून, उकिडवी, कोपऱ्याकोपऱ्यानं. मी मागनं "अगं", "अगं" करत. दहा "अगं" झाल्यावर मीही वाकलो. काय करणार? तिला एकटीला किती वेळ लागला असता?

आता पोलिसाच्या बाजूनं बघा. समोरून एक म्हातारी पोत्यात काहीतरी भरतेय. त्याला काय वाटणार? त्यांच्यावर विटा-दगड पडतात तेही असेच पोत्यातनं येत असतील. एक तरणा शिपाई धावत आला.

"ए अम्मा! बोरे में क्या भर रही हो? ईंटा?"

तिचं हिंदी अठ्ठेचाळीस वर्षांत सुधारलं नव्हतं. "ईंटा नहीं रे बाबा. चप्पल है. लोगों की है. वापस देने का है ना."

"फेंको इसे!"

"फेंकू कैसे? तेरा है क्या?"

बरोबर बोलली. मी आजही म्हणतो, बरोबर बोलली. पण त्यानं मारलं. पहिली पोत्यावर. दुसरी तिच्या डोक्यात, डाव्या कानाच्या वर. तिसरी मला, बसायच्या जागी. पोत्यात बघितलं नाही. वाकून एकदा बघितलं असतं तर त्याच्याही लक्षात आलं असतं. एवढंच त्याच्याबद्दल माझं म्हणणं आहे, त्यानं बघितलं नाही.

आम्ही पळालो. म्हणजे ती पळाली, पोतं खांद्यावर घेऊन, आणि मी मागं हात धरून तिच्या मागं. गुडघ्याच्या डॉक्टरनं मला जिथं चालू नका म्हणून सांगितलं होतं तिथं मी धावत होतो. डावीकडं गल्ली, गल्लीत एक उघडं दार. आत शिरलो. ते लग्नाच्या बँडवाल्यांचं दुकान निघालं. लाल कोट घातलेली सात-आठ माणसं चहा पीत बसली होती.

बँडमास्तर मिशीवाला. आमच्याकडं बघितलं, बाहेरच्या बुटांचा आवाज ऐकला. तिला मोठ्या ढोलामागं बसवलं. माझ्या डोक्यावर झालरीची टोपी ठेवली, हातात खुळखुळा दिला. "चच्चा, बस हिलाते रहिए."

दारात शिपाई. "कोई घुसा इधर?"

"रिहर्सल चल रही है, साहब," मास्तर म्हणाला आणि एकदम सगळ्यांनी फुंकायला, बडवायला सुरुवात केली. एवढ्याशा खोलीत! कानाचे पडदे फाटले. मी खुळखुळा हलवत होतो. भानावर नव्हतो, त्यामुळे जोरात हलवत होतो. शिपायानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला टोपीतून सलाम केला. का केला, माहीत नाही. तो कानावर हात ठेवून निघून गेला.

वाजायचं थांबलं तर ढोलामागं नुसतं खुसुखुसु. मला वाटलं रडतेय. बघितलं तर पदर तोंडात कोंबून हसत होती. डोळ्यांतनं पाणी, श्वास लागलेला.

"आपल्या लग्नात बाजा न्हवता," ती म्हणाली, "आज नवराच बाजावाला झाला!"

झालं. मास्तर हसला, लाल कोट हसले, मी हसलो. मार बसलेल्या माणसाला हसू येतं तेव्हा ते थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मला बसता येत नव्हतं, म्हणून मी उभा राहून हसत होतो आणि ते बघून ती आणखी हसत होती. तेवढ्यात मागच्या दारानं चौकातला तो अर्ध्या दाढीचा माणूस आत आला. साबण वाळून पांढरा झालेला, पाय अनवाणी. तिनं लगेच पोतं ओतलं. "देखो भैया, तुम्हारा है क्या इसमें?"

त्याची एक सापडली. डावी. त्यानं ती छातीशी धरली. "अम्मा, कल ही ली थी."

"दूसरी भी होगी. ठीक से देखो," ती म्हणाली, आणि ते दोघं जमिनीवर बसून शोधायला लागले. दुसरी नव्हती. मग तिनंच त्याला दुसऱ्या कुठल्यातरी जातीची उजवी दिली, आणि वर बजावलं की ही उधार आहे, मालक आला तर परत मागेन. तो एक तपकिरी, एक निळी घालून गेला. अर्धी दाढी तशीच.

पोत्यात एक जड बूटही निघाला, तळाला नाल मारलेला. मास्तर म्हणाला, "अम्मा, ये तो सरकारी है. इसे फेंकिए."

"का म्हणून? त्याचा बी पाय उघडाच असंल की," ती मला मराठीत म्हणाली आणि बूट पोत्यात टाकला.

डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. रक्त नव्हतं. मास्तरनं हळद मागवली, तिनं लावली. मी म्हणालो, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "आधी तुमची जागा दावा डॉक्टरला, मग माझं डोकं." पुन्हा सगळे हसले. त्या एका वाक्यावर मीही हसलो आणि आम्ही दवाखान्यात गेलो नाही. हे मी माझ्या हातानं लिहितोय, म्हणजे नंतर कुणी मला माझी चूक सांगायला येऊ नये.

घरी आलो. दारासमोर चपला मांडल्या. अकरा जोड्या जुळल्या, बाकी सगळ्या एकेकट्या. शेजारणी जमल्या. ती प्रत्येकीला खुळखुळ्याची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक वेळी टोपी मोठी होत होती. चौथ्या वेळी मी घोड्यावर होतो. मटाराच्या उसळीत तिनं दोनदा मीठ घातलं. मी चव बघून तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "आज डोकं कसं हलकं झालंय, भांग प्यायल्यागत." उभी राहिली की भिंतीला धरायची आणि हसायची. मला एकदा मामा म्हणाली, माझ्या मेलेल्या मामाला मारायची तशी हाक मारून. मला वाटलं चेष्टा. ती चेष्टेखोर होती. चेष्टेखोर बाईच्या नवऱ्यानं कसं ओळखायचं?

दिवेलागणीला चपला आत घेताना ती मधेच खाली बसली. म्हणाली, "ह्या लाल पट्ट्याची जोडी..." आणि ओकली. मग बोलली नाही. शेजाऱ्याच्या ई-रिक्षात घातली. हॉस्पिटलात डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली. डोक्यात आतून रक्त साकळलं होतं म्हणाला. तासाभरात सगळं झालं.

मुलगा लखनौतल्याच गोमती नगरवरून आला. खाजगी कंपनीत आहे, चांगला आहे. मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीत. पोलीस चौकीचा मुंशीही आला, म्हणजे लिहिण्याचं काम करतो तो. त्यानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, लाठी. त्यानं लिहिणं थांबवलं. मुलाला बाजूला घेऊन बोलला. मुलगा परत आला, डोळे लाल.

"बाबा, वो कह रहे हैं, लिख दीजिए कि घर में फिसल गईं. सुबह माँ मिल जाएँगी. नहीं तो पोस्टमार्टम, जाँच, पता नहीं कितने दिन."

"पडली नाही ती."

"मुझे पता है, बाबा. लेकिन माँ को कब तक वहाँ रखेंगे?"

त्या खोलीत किती गार होतं ते मी बघून आलो होतो. तिला थंडी सोसत नसे. मी म्हणालो, सकाळी सांगतो. मुलानं मला घरी आणलं. तो चपलांच्या रांगेत पाय कुठं ठेवावा म्हणून दारातच उभा राहिला, मग तिथंच बसून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगं त्या वेळी मराठीत रडलं. आई गं, आई गं म्हणत.

सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, चष्मा घेतला. मुलगा बरोबर आला. चौकीत मुंशी चहा पीत होता. त्यानं कागद पुढं सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "चच्चा, यहाँ."

मी म्हणालो, आधी वाचतो. हिंदीची अक्षरं आणि आपली अक्षरं तीच, फक्त मला वेळ लागतो. बोट ठेवून वाचलं. मुंशीचा चहा संपला, दुसरा आला. लिहिलं होतं, घराच्या जिन्यावरून पाय घसरला.

"मुंशीजी," मी म्हणालो, "हमारे घर में सीढ़ी ही नहीं है."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मुलाकडं. मुलगा म्हणाला, "ग्राउंड फ्लोर है."

"छत पर तो जाते होंगे?"

"छत मालिक की है. ताला है."

मुंशीनं डोकं खाजवलं. "तो बाथरूम लिख दें?"

आणि मला हसू आलं. आई जगदंबे, चौकीत, बायको तिकडं पडलेली, आणि मला हसू. बाथरूम लिख दें! जसा काही मिठाईवाला विचारतो, पेढे नाहीत तर बर्फी देऊ का. मी हसायला लागलो तो थांबेना. मुलगा घाबरून माझा दंड धरत होता, "बाबा, बाबा," आणि मग त्याचंही तोंड हलायला लागलं. तोंड त्यानं आईचंच घेतलंय. आम्ही दोघं मुंशीच्या टेबलासमोर एकमेकांना धरून हसलो. बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला.

डोळे पुसले. मुलाला म्हणालो, "बोल. तिला कितीही दिवस थांबावं लागलं तरी चालंल का तुला?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "चालेल." मराठीत म्हणाला.

मी मुंशीचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पेन घेतलं आणि मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं : माझी बायको घरात पडली नाही. ती आंदोलनात नव्हती. रस्त्यावर पडलेल्या चपला ज्याच्या त्याला देण्यासाठी गोळा करत होती. पोलिसानं तिच्या डोक्यात लाठी मारली. कानाच्या वर, डावीकडं. मी तिथं होतो. माझी चौकशी करा. खाली नाव लिहिलं, सही केली, अंगठाही उठवला, म्हणजे नंतर कुणी सही माझी नाही म्हणू नये.

मुंशी म्हणाला, "यह ऐसे नहीं लिया जाता, चच्चा. साहब ग्यारह बजे आएँगे."

"ठीक है," मी म्हणालो. "पावती उनसे ही लेंगे."

भिंतीला लाकडी बाक होता. मार बसलेल्या जागेमुळं मला अजून नीट बसता येत नव्हतं, म्हणून मी एका कुशीवर टेकलो. मुलगा शेजारी बसला. त्यानं खिशातनं फोन काढला, ऑफिसला सांगितलं की आज येत नाही, उद्याही कदाचित नाही. कागद मी मांडीवर धरून ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ वाजले होते.